बोगद्यापासून स्टेशनापर्यंत

अहो, ऐकताय ना?

आयुष्यभर तुम्हाला एक पत्र लिहिलं नाही. पावसाळ्यात तुम्ही रेल्वेच्या लायनीवर गस्त घालायला जायचात, चार-चार दिवस तोंड दिसायचं नाही, तेव्हासुद्धा निरोपच पाठवायचे. डाळ संपली, म्हैस व्याली, पोराला ताप आहे. चौथी शिकलेल्या बाईने कागदाला कशाला हात लावायचा? आता लावला आहे. अक्षर वाकडं आहे, तेवढं चालवून घ्या.

आत्ताच का लिहिते, ते आधी सांगते. गुरुवारी तुमचं वर्षश्राद्ध. ते या घरात होणार नाही. भटजींना सांगून झालं, मुंबईला मुलाला सांगून झालं, तुम्हालाच सांगायचं राहिलं. तुम्ही मागल्या दाराने याल, नेहमीसारखे पाय न पुसता, आणि घर रिकामं बघून दचकाल. म्हणून हे.

पण आधी चांगलं सांगते. मुग्धाने तुमचं इंजिन केलं.

तुम्हाला ते एकच दुःख होतं ना? खेळातली सतरा इंजिनं जमवलीत, सगळी जर्मन, स्विस नाहीतर जपानी. पलीकडच्या आळीतल्या हमीदभाईंनी कुवेतहून पहिलं आणलं तेव्हापासून तुमचं एकच, "गो इंदू, ज्या लायनीवर मी हातोडा मारला त्या लायनीवरचं इंजिन कोणीच बनवत नाही." बाजारात नाहीच म्हणे. मग आपली नात शिकून आली, आणि तिने ते संगणकात काढलं. तुम्ही काढलेले फोटो घेतले, खिडक्या मोजल्या, पुढची जाळी मोजली, जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं सगळं. मी म्हटलं, "बाय, सत्त्याऐंशीच का? नव्वद धर, सोपं पडेल." तर म्हणाली, "आजी, जगभर हेच माप चालतं, एकट्या तुझ्यासाठी कोण बदलणार?"

तिचं ते यंत्र तुमच्याच मागच्या खोलीत ठेवलं आहे. प्लास्टिकची तार वितळवून त्याच्या तोंडातून बारीक धागा येतो आणि थरावर थर बसतो, कुरडया घालतो अगदी तस्सा. नऊ तास लागले. नुसती टकटक बघत मी नऊ तास बसले, भात करपला. इंजिन बाहेर आलं तेव्हा त्याच्या अंगावर वळ्या वळ्या होत्या. त्या घासायचं काम माझं. पॉलिश पेपर घ्यायचा, पाण्यात बुडवायचा आणि हलक्या हाताने घासायचं. मासळीचे खवले काढलेले हात माझे, मुग्धा म्हणते तुझ्यासारखं गुळगुळीत कोणी करत नाही.

आता तिला ऑर्डरी येतात. लोक इंजिनाचा नंबर पाठवतात, रंग पाठवतात. एका माणसाला आपल्या वडिलांनी चालवलेलंच इंजिन हवं होतं, पुढच्या पोच्यासकट. पोचा मीच सुचवला, वरून घासून खोलगट केला. किंमत सांगताना मात्र ती घाबरते. तारेचे ग्रॅम मोजते, विजेचे तास मोजते. मी विचारलं, "डोळे फोडून बसतेस त्याचे किती धरलेस?" तर म्हणे काहीच नाही. लगेच वाढवायला लावली. गिऱ्हाईक कुरकुर न करता देऊन गेलं.

तुम्ही असतात तर गावभर मिरवलं असतंत. मी मिरवते आहे तुमच्या वाटणीचं.

आता पुढचं सांगते. हात जरा जड झाला आहे.

गणपतीत इंजिन तयार झालं. मोटर यायची होती, म्हणून नुसतीच चाकं. मुग्धा ते टेबलावर ठेवून पुण्याला प्रदर्शनाला गेली. तुमचं ते मोठं टेबल, डोंगराकडे बोगदा, चिऱ्यांच्या खाणीकडे स्टेशन, मध्ये तुमच्या हाताचे रूळ. मी म्हटलं, चला, आज खोली साफ करू. टेबलाखाली वाकले तर स्टेशनाकडच्या दोन पायांखाली लाकडाच्या पाचरी. पाच होत्या. वाटलं, यांचं नेहमीचं, काही म्हणून टाकायचं नाही. काढल्या. हातोडीने ठोकून काढाव्या लागल्या, इतक्या घट्ट. दोन आंघोळीच्या बंबात घातल्या, तीन लाकडांच्या ढिगात टाकल्या. जमीन सारवल्यासारखी लख्ख पुसली, टेबल पुसलं, इंजिन बोगद्याच्या तोंडाशी ठेवलं आणि हात जोडले.

आणि ते चाललं.

वीज नाही, मोटर नाही, कोणी हात लावला नाही. हळू हळू, तुमच्या चालीने, बोगद्यापासून निघालं आणि स्टेशनाच्या लाकडी ठोकळ्याला जाऊन टेकलं. मी वीस मोजले तेवढ्यात पोचलं.

मी कोणाला ओरडून सांगितलं नाही. मी तिथेच पाटावर बसले आणि रडले, आणि मग हसले. मला वाटलं, तुम्ही. दुसरं काय वाटणार? वर्षभर ज्याची वाट पाहिली, तो आला आणि आल्या आल्या आधी रुळावर गेला, बायकोकडे नंतर. यात तुमचा स्वभाव सगळा दिसत होता.

मग रोज सकाळी चहा झाला की मी इंजिन बोगद्याशी ठेवायची. रोज ते निघायचं. मुग्धा परत आली, तिला दाखवलं. ती म्हणाली, "आजी, टेबल उतरतं झालंय. फळी फुगली असेल. बघते मी." मी तिचा हात धरला. "हात नको लावूस. आजोबा आहेत." ती माझ्याकडे बघत राहिली. मग ऑर्डरी होत्या, त्यांच्याकडे वळली. पोरीला गप्प मी केलं. हे लिहून ठेवते, कारण चूक माझी आहे, तिची नाही.

दसऱ्याला चौदा मोजेपर्यंत पोचलं. दिवाळीत अकरा. मी हमीदभाईंच्या बायकोला, जुबेदाला कौतुकाने सांगितलं, "ह्यांना आता घाई झालीय." जुबेदा पान लावत होती, तिचा हात थांबला. "वैनी," ती म्हणाली, "मेलेला माणूस घाई कशाला करेल?"

मी तिच्यावर रागावले. दोन दिवस तिच्याकडे गेले नाही.

त्याच दिवसांत मागचं दार चिकटायला लागलं. मी सुताराला शिव्या दिल्या. भिंतीला कोपऱ्यातून केसाएवढी चीर गेली, मी चुना भरला. चुना पडला, परत भरला. माणूस किती आंधळा होऊ शकतो हो? डोळे होते माझे. पण माझं सगळं लक्ष रुळावर.

तुळशीचं लग्न झाल्यावर पुण्याचे करमरकर आले. मुग्धानेच बोलावलेले. जुनी खेळातली इंजिनं विकत घेतात, किंमत करून देतात. सज्जन माणूस, हातात पांढरे मोजे घालून एकेक इंजिन उचलायचे, जसं काही तान्हं बाळ. उलटं करून चाकं बघायचे, भिंगातून नंबर बघायचे. एका जर्मन इंजिनाला तुम्ही लाल रंग दिला होतात ना, हौसेने? ते म्हणाले, "आजी, या रंगाने किंमत निम्मी झाली." मी म्हटलं, "त्यांना हिरवा आवडत नव्हता." चाकांच्या दातांत लाल धूळ होती, तिचेही कापले. ती धूळ खाणीची. रोज पुसूनसुद्धा बसायची.

मग म्हणाले, "यांची मूळ खोकी आहेत का? खोक्यासकट किंमत दीडपट होते."

माझं तोंड उतरलं. खोकी होती. तुम्ही माळ्यावर नीट रचून ठेवलेली. तुम्ही गेल्यावर मी ती खाली काढली, आतला स्पंज फेकला, आणि त्यांत आमसुलं भरली. इतकी छान घट्ट झाकणाची खोकी, कोण वाया घालवेल? मुग्धाने डोक्याला हात लावला. आमसुलं परातीत ओतली आणि सतरा खोकी त्यांच्यापुढे मांडली. करमरकरांनी एक हुंगलं आणि म्हणाले, "एवढ्या वर्षांत असं खोकं पहिल्यांदा बघतोय." आम्ही तिघेही हसलो. शेवटचं हसणं ते.

खोकं उलटं केलं तर तळाला तुमची पेन्सिल. "चिरे, दीड गाडी." दुसऱ्यावर, "चिरे, दोन गाड्या." मगरीच्या नाकासारखं ते स्विस इंजिन, त्याच्या खोक्यावर, "चिरे, पाच गाड्या." करमरकरांनी विचारलं, "हे काय लिहिलंय?" मी म्हटलं, "घर बांधतानाचं काहीतरी असेल. यांना जिथे जागा मिळेल तिथे लिहायची सवय." मी तसंच समजले, खरंच.

मग मला दाखवायची हौस. म्हटलं, "थांबा, आमचे हे अजून चालवतात, बघा." मुग्धाचं इंजिन बोगद्याशी ठेवलं आणि सोडलं. नऊ.

करमरकर हसले नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढला, टेबलावर आडवा ठेवला. त्यात म्हणे पातळी कळते, तुमच्या त्या बुडबुड्याच्या बाटलीसारखी. मग खाली वाकून फोन जमिनीवर ठेवला. मग भिंतीजवळ. मग उंबऱ्यावर. मग उभे राहिले.

"टेबलाखाली काही होतं का, आजी?"

"पाचरी होत्या. दोन बंबात घातल्या."

मुग्धा धावत जाऊन ढिगातून तीन शोधून आली. त्यांच्यावरही पेन्सिल होती. मी बघितलीच नव्हती. "शिमगा, एक सूत." "गणपती, एक सूत." "दिवाळी, दोन सूत." सुताराचं माप ते, आठ सुतांचा एक इंच.

मागल्या वर्षी दिवाळीत तुम्ही टेबलाखाली ठोकत होतात. मी चकल्या तळत होते. मी आतून ओरडले, "काय ठोकताय सणाच्या दिवशी?" आणि तुम्ही म्हणालात, "टेबल हलतंय गो, काही नाही." महिन्याभरात तुम्ही गेलात. काही नाही, म्हणालात.

करमरकर मुग्धाला हळूच म्हणाले, पण मी ऐकलं, "टेबल सरळ आहे. घर उतरतंय." मी चहा टाकायला उठले तर म्हणाले, "चहा बाहेर घेऊ, आजी. रस्त्यावर घेऊ." पुण्याचा माणूस, पायात बूट न घालता, बूट हातात धरून बाहेर गेला. मी कप घेऊन त्याच्या मागे. उन्हात उभं राहून चहा प्यायलो आम्ही, आणि खालून खाणीत चिरे कापायच्या यंत्राचा आवाज येत होता. रोजचाच आवाज. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की तो लांबून येत नाही.

मी गुडघ्यांमुळे मागच्या बाजूला वर्षभर गेले नव्हते. मुग्धा गेली. परत आली ती चालत नाही, भिंतीला हात लावत लावत आली. "आजी, मागे काजू किती होते?"

"सात."

"चार आहेत. चौथ्याच्या मुळ्या बाहेर लोंबतायत."

तेव्हा खोक्यांवरची तुमची पेन्सिल मला परत आठवली.

खालचा सडा, मागचा तो सगळा कातळ, तुम्ही खाणीला दिलात, ते मला ठाऊक होतं. "थोडे चिरे काढतील, पडीक तर जागा," म्हणाला होतात. मला वाटलं संपलं ते. इंजिनं पेन्शनीतून येतात असं मी धरून चालले होते. तुम्ही कधी हो म्हणाला नाहीत, पण नाही तरी कुठे म्हणालात? पहिल्या काजूपर्यंत दिलंत. मग दुसऱ्यापर्यंत. स्विस इंजिनाला तिसरा काजू गेला ना? आपल्या घराचे चिरे ज्या खाणीतून आले, तीच खाण घराच्या पायाशी आणलीत, आणि एकेक इंजिन वर आणून टेबलावर मांडलंत.

तुम्ही तर डोंगर ओळखणारे. पाऊस लागला की कंदील घेऊन, मग बॅटरी घेऊन कपारीच्या कडेने चालायचात, कुठला दगड सुटणार ते त्याच्याकडे बघून सांगायचात. एकदा तुमच्या सांगण्यावरून गाडी थांबवली होती. लोकांच्या गाड्या थांबवल्यात. मग आपल्याच घरात पाचर का ठोकलीत? मला का नाही सांगितलंत? मी रागावले असते, चार दिवस बोलले नसते, तेवढंच. इंजिनं घेऊ दिली नसती, हे खरं. त्यालाच घाबरलात काय?

की तुम्हाला वाटलं, आणखी एक सूत, मग थांबेल?

मी रात्रंदिवस तुम्हाला दोष देत बसले, असं समजू नका. पाचरी काढल्या मीच. काढल्या नसत्या तर इंजिन उभंच राहिलं असतं आणि आम्हाला काही कळलं नसतं. मग मुग्धा त्याच खोलीत, त्याच भिंतीला टेकून, कानात ते वायरीचं घालून बसली असती. हे मनात आलं की रात्री उठून तिचं अंथरूण बघते. आणि असंही मनात येतं की दोन महिने मी तिला टेबलाला हात लावू दिला नाही. तीही माझीच करणी.

तलाठी येऊन बघून गेले. घर खाली करा म्हणाले. खाण थांबवायला सांगितली आहे. खाणवाला म्हणतो त्याच्याकडे तुमच्या सहीचा कागद आहे, चौथ्या काजूपर्यंतचा. सध्या यंत्र बंद आहे. पण अहो, यंत्र बंद असूनही मोजणी कमीच होते आहे.

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, मुंबईला चल." मी म्हटलं, तुझ्या सहाव्या मजल्यावर मला चक्कर येते. जुबेदा आली, पानाचा डबा घेऊन, जसं काही झालंच नव्हतं. "वैनी, उठा. माझी माडी रिकामीच हाय, पोरं सगळी दुबईला. पोरीचं यंत्र घ्या, तुमची देवाची पेटी घ्या, चला." मी म्हटलं, "तुझ्या माडीवर माझे देव चालतील?" तर म्हणाली, "चालवायचं कोणाला? बसवा की." परवा टेम्पो आला. यंत्र गेलं, तांबं-पितळ गेलं, आमसुलंही गेली.

इंजिनं विकली. सोळा करमरकरांनी खोक्यांत भरली. स्विस इंजिन मी हातात धरून उभी राहिले. ते म्हणाले, "आजी, ठेवायचं असेल तर ठेवा." मी म्हटलं, "नाही, हे आधी न्या." त्या पैशांत पाली रस्त्याला सपाट जागेवर दोन खोल्या घ्यायच्या, असं मुग्धाने ठरवलं आहे. तिचा कारखाना पुढे, मी मागे. रागावू नका. चिऱ्यांतून आलेलं परत चिऱ्यांतच जातंय.

मुग्धाचं इंजिन विकलं नाही. करमरकरांनी किंमत विचारली होती. मी तोंडाला येईल तो आकडा सांगितला, इतका मोठा की मुग्धाला ठसका लागला. त्यांनी हात जोडले.

आज दुपारी मी शेवटची आले आहे. दिवा लावून येते म्हणून आले, आणि हे लिहीत बसले. तुमच्याच टेबलावर लिहिते आहे. पेन्सिल दोनदा हातातून सुटली आणि दोन्ही वेळा स्टेशनाकडेच गेली. दार आता लागत नाही, खांदा लावला तरी नाही. वरची कौलं मधूनच कुरकुरतात, वारा नसताना. मुग्धा अंगणाच्या बाहेर उभी आहे. तिला मी आत येऊ देत नाही. दर दोन मिनिटांनी हाक मारते, "आजी, झालं?" मी म्हणते, "आले."

आत्ताच एकदा इंजिन बोगद्याशी ठेवून सोडलं. शेवटचं. सहा.

किती मोह होतो माहीत आहे? मला कळतंय की ही जमीन आहे, तुम्ही नाही. तरी चाकं हलली की काळजात काहीतरी उठतं. इथून गेले की ते बंद होणार. म्हणून पाय निघत नव्हता, चिरेबंदी घरासाठी नाही.

पण आता उठते. आणि तुम्हाला शब्द देते. मुग्धा या उंबऱ्याच्या आत पुन्हा पाऊल टाकणार नाही, मीही नाही, राहिलेल्या टोपल्यासाठी नाही, तुमच्या फोटोच्या खिळ्यासाठीसुद्धा नाही. चौथा काजू आहे तिथे राहील, त्यासाठी मी मामलेदाराच्या दारात बसेन, गुडघे दुखले तरी. आणि हे इंजिन मी जुबेदाच्या माडीवर नेईन. आधी तुमची बुडबुड्याची बाटली ठेवून बघेन, बुडबुडा मधोमध आला की मगच दोन वीत रूळ मांडून त्यावर ठेवेन. ते हलणार नाही. रोज सकाळी चहा झाला की बघेन, आणि ते जागच्या जागी असलं की म्हणेन, आज सगळे सुखरूप आहेत.

गुरुवारी तिकडेच या. मागल्या दाराने नको, तिथे आता जमीन नाही.

तुमची,
इंदू